काहीही अंतर्भूत असले तरी

अधिनियमांचे मसुदे करणाऱ्यांच्या आणि ते न्यायासनापुढे वाचून दाखविणाऱ्यांच्या जिभेवर ‘अन्य कोणत्याही कायद्यात काहीही अंतर्भूत असले तरी’ हे शब्द इतके रुळलेले असतात की, त्या एका वाक्यखंडासाठी कुणी चाळीस वर्षांची संसदीय कारकीर्द खर्ची घातली असेल, हे आमच्या व्यवसायबंधूंना सहसा खरे वाटणार नाही. सर विल्यम ऊर्फ बिल कॅश यांनी ती घातली. ब्रिटनच्या युरोपीय संघातून बाहेर पडण्याची हकीकत सांगताना वृत्तपत्रे जॉन्सन आणि फराज यांच्या सभांपाशी रेंगाळतात. कायद्याच्या अभ्यासकाने मात्र या सॉलिसिटराने सुचविलेल्या दुरुस्त्यांचे दफ्तर उघडावे, असे आमचे मत आहे.

१९४० साली जन्मलेले आणि १९४४ साली नॉर्मंडीच्या रणभूमीवर वडिलांना मुकलेले कॅश १९८४ च्या पोटनिवडणुकीत हुजूर पक्षातर्फे स्टॅफर्डमधून निवडून आले व पुढे १९९७ पासून २०२४ पर्यंत स्टोनचे प्रतिनिधी राहिले. मंत्रिपद त्यांना कधीच लाभले नाही. आरंभी ते युरोपविरोधी म्हणून ओळखले जात नव्हते. १९८६ मध्ये एकल युरोपीय अधिनियमाच्या विधेयकाला त्यांनी अनुकूल मत दिले. मात्र त्यातील कशानेही ब्रिटिश संसदेच्या सार्वभौमत्वास बाध येणार नाही, अशी एका ओळीची दुरुस्ती त्यांनी सुचविली होती, ती चर्चेलाही घेतली गेली नाही. त्यांची खरी तक्रार होती १९७२ च्या युरोपीय समुदाय अधिनियमाच्या दुसऱ्या कलमाशी, ज्याच्या योगे समुदायाचा कायदा ब्रिटिश न्यायालयांत आपोआप लागू होत असे आणि मागाहून संमत झालेले अधिनियमही त्याच्या अधीन राहून वाचावे लागत.

त्या कलमाची धार १९९० साली फॅक्टरटेम खटल्यात उघड झाली. स्पॅनिश मालकीच्या मासेमारी नौकांना ब्रिटिश नोंदवहीबाहेर ठेवणाऱ्या, १९८८ साली संसदेने रीतसर संमत केलेल्या अधिनियमाची अंमलबजावणी उमराव सभेच्या न्यायाधीशांनी त्या नौकांपुरती तहकूब केली. केशवानंद भारती निकालानंतर वकिलीत पडलेल्या आपल्या पिढ्यांना यात विशेष धक्कादायक काही वाटणार नाही (तो निकाल, योगायोगाने, ब्रिटन युरोपीय समुदायात शिरला त्याच १९७३ सालचा). पण ज्या देशाला संहिताबद्ध संविधान नाही, तेथे संसदेच्या वर दुसरी सत्ता मान्य होणे ही उलथापालथच होती. कॅश यांनी आधार घेतला तो लॉर्ड डेनिंग यांच्या १९७९ मधील मॅकार्थीज खटल्यातील मताचा: संसदेने जाणूनबुजून आणि स्पष्ट शब्दांत तहाविरुद्ध कायदा केला, तर न्यायालयांना तोच पाळावा लागेल. पुढे २००२ मध्ये वजनमापांच्या थोबर्न खटल्यात न्यायमूर्ती लॉज यांनी १९७२ च्या अधिनियमाला घटनात्मक दर्जा देऊन त्याचे गर्भित निरसन होऊ शकत नाही असे ठरविले, तेव्हा तर स्पष्ट शब्दांवाचून गत्यंतरच उरले नाही. मास्ट्रिख्ट तहाच्या विधेयकावर दोनशेंहून अधिक दुरुस्त्या मांडून मेजर सरकारास जेरीस आणणारे कॅश २०११ च्या युरोपीय संघ विधेयकातील सार्वभौमत्वविषयक अठरावे कलम मोघम आहे म्हणून पुन्हा स्वपक्षाच्याच सरकारविरुद्ध उभे राहिले, आणि पुन्हा हरले.

ते शब्द अखेर कायद्यात आले २०२० च्या माघार करार अधिनियमाच्या ३८ व्या कलमात. संसद सार्वभौम आहे, अमुक तरतुदी असल्या तरी ते सार्वभौमत्व अबाधित आहे, आणि या अधिनियमातील कशानेही त्यास बाध येत नाही, असे ते कलम सांगते. १९८६ ची ती एक ओळ जवळजवळ जशीच्या तशी. परंतु मसुदाकाराच्या दृष्टीने पाहता हे घोषणावजा कलम आहे, हुकूम देणारे नव्हे. त्याच अधिनियमाच्या पाचव्या कलमाने २०१८ च्या युरोपीय संघ (माघार) अधिनियमात ७अ हे कलम घातले, त्यान्वये माघार करारातील तरतुदी थेट लागू होतात व इतर कायदे त्यांच्या अधीन होतात. आणि उत्तर आयर्लंडविषयक ॲलिस्टर प्रकरणात, २०२३ साली, सर्वोच्च न्यायालयाने १८०० च्या एकीकरण अधिनियमांनाही या ७अ पुढे नमते घेण्यास लावले. ज्याने चाळीस वर्षे शब्दांच्या अधिकारावर विश्वास ठेवला, त्याला मिळालेल्या कलमात शब्द होते, पण कृती शेजारच्या कलमात होती.

दुसराही एक पेच आहे, आणि त्याचे समाधानकारक उत्तर कॅश यांच्या भाषणांत आम्हांस आढळत नाही. ब्रसेल्सहून परत आलेली सत्ता २०१८ व २०२३ च्या अधिनियमांनी फार मोठ्या प्रमाणात मंत्र्यांच्या नियम करण्याच्या अधिकारात जमा केली. युरोपीय उगमाचे कायदे सरसकट लुप्त करण्याचा बेत सोडून सरकारने सुमारे सहाशे कायद्यांचीच यादी आणली, तेव्हा कॅश संतापले. त्यांना यादी तोकडी वाटली. ती यादी वाढविण्या-घटविण्याचा अधिकार कोणाच्या हाती, हा आमच्या मते अधिक महत्त्वाचा प्रश्न होता.

तरीही २०१० पासून ज्या युरोपीय छाननी समितीचे ते अध्यक्ष होते, तिचे काम आमच्या आदरास पात्र आहे. ब्रसेल्सहून येणारा प्रत्येक मसुदा वाचून, त्याचे कायदेशीर महत्त्व ठरवून, मंत्र्याकडून लेखी खुलासा मागविण्याचे ते कंटाळवाणे काम होते. २०२४ च्या निवडणुकीस कॅश उभे राहिले नाहीत, आणि त्याच जुलैत नव्या सभागृहाने ती समिती बरखास्त केली. ७अ कलम मात्र अजून अमलात आहे, आणि उत्तर आयर्लंडमध्ये युरोपीय नियम त्याच्या आधारे लागू होतच आहेत.