नंबर वन शाळा आणि १७ नंबरचा फॉर्म

दिवाळीची सुट्टी सरली की पुण्याच्या कॅम्प, वानवडी, कोंढवा या पट्ट्यात शाळा-प्रवेशाचा मोसम सुरू होतो. अकीका असो की वलीमा, दस्तरख्वान उचलायच्या आत कुणीतरी विचारतंच, "मग, पोराला कुठं टाकताय?" आणि क्रमवारी सुरू होते. कुणाला बिशप्स पहिली वाटते, कुणाला सेंट मेरीज. ज्यांचे अब्बा सेंट व्हिन्सेंटला शिकले त्यांच्यासाठी प्रश्न मिटलेलाच असतो. नव्या सुनेला एनआयबीएम रोडकडची इंटरनॅशनल शाळा हवी असते. ज्यांची मुलं उर्दू शाळेत आहेत ते अशा वेळी गप्प बसतात, नाहीतर बिर्याणीची तारीफ करू लागतात. मी शिक्षिका, म्हणून शेवटी सगळे माझ्याकडे वळतात, "आपा, तुम्हीच सांगा, नंबर वन कोणती?"

हे नंबर लागतात कशावरून, ते आधी पाहू या. एक तर नावावरून. कॅम्पातल्या या तिन्ही शाळा १८६० च्या दशकातल्या. दीडशे वर्षांची पुण्याई आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. दुसरं म्हणजे बोर्डावरून. इथं मात्र गंमत आहे. "एसएससी म्हणजे खालचं, आयसीएसई म्हणजे वरचं" असं म्हणणारेच सेंट व्हिन्सेंटला पहिल्या तिनांत बसवतात, आणि ती शाळा तर राज्य मंडळाचीच आहे! तिसरं, छापील याद्यांवरून. 'एज्युकेशनवर्ल्ड' हे मासिक २००७ पासून देशातल्या शाळांची क्रमवारी छापतं. ती प्रामुख्याने पालक, मुख्याध्यापक आणि शिक्षकांना विचारून, त्यांनी दिलेल्या गुणांवर ठरते. म्हणजे आपण दस्तरख्वानावर करतो तेच काम, मोठ्या पसाऱ्यानं. आणि मुलांचे नंबर लावण्याचं म्हणाल तर खुद्द सीबीएसईने २०२३ मध्ये गुणवत्ता यादी जाहीर करायला नकार दिला. कारण सांगितलं की त्यातून मुलांमध्ये वाईट स्पर्धा वाढते.

पण आपल्या घरांत सगळ्यांत जास्त वजन असतं ते चौथ्या गोष्टीला : दहावीचा निकाल. गेटवर फलक लागतो, '१०० टक्के निकाल', आणि वाद संपतो. यावर मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण हा फलक कसा तयार होतो ते मी शाळेच्या आतून पाहते.

राज्य मंडळाच्या दहावीला खासगीरीत्या बसायचं असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. ज्यांचं शिक्षण गरिबीनं, लग्नानं, कामधंद्यानं सुटलं त्यांच्यासाठी ही फार चांगली सोय आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या कितीतरी बायका याच फॉर्मनं दहावी झाल्या. पण याच फॉर्मचा दुसरा वापरही होतो. नववीत एखादं मूल गणितात अडखळलं की आईवडिलांना ऑफिसात बोलावतात. चहा देतात, गोड बोलतात आणि सांगतात, "आमच्याकडं त्याच्यावर दडपण येतंय. तुम्ही दाखला घ्या, सतरा नंबरनं बसवा, त्याच्याच भल्यासाठी." इतर बोर्डांच्या शाळा दुसरी शाळा सुचवतात किंवा मुक्त विद्यालयाचा, एनआयओएसचा रस्ता दाखवतात. मूल गेलं की त्याचा निकाल शाळेच्या खात्यात येत नाही. फलक शंभर टक्क्यांचाच राहतो.

अशी मुलं मग आमच्यासारख्या शाळांत येतात. दर जूनमध्ये एक-दोन तरी असतात. जुन्या शाळेचं दप्तर पाठीवर असतं, कारण नवं घ्यायला अब्बांनी नकार दिलेला असतो. पहिले दोन महिने ती कुणाशी बोलत नाहीत. इंग्रजी आमच्या मुलांपेक्षा चांगलं असतं, गणितही सहा महिने नीट बसवलं की येतं. पण "मला काढलं" हे त्यांच्या डोक्यातून जायला दहावी उजाडते. सगळ्याच मोठ्या शाळा असं करतात असं मी म्हणत नाही. काही शाळा कच्च्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर जादा वर्ग घेतात, त्याचे पैसेही घेत नाहीत. पण त्यांचा निकाल कधी ९४ टक्के लागतो, कधी ९७, आणि आपल्या यादीत त्या खाली घसरतात!

म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा निकाल किती हे विचारू नका, मुलं किती ते विचारा. दोन वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात किती होती आणि यंदा दहावीला किती बसली? समजा आठवीत १४० होती आणि दहावीला ११८. मग २२ कुठं गेली? काहींच्या वडिलांची बदली झाली असेल, काही दुसऱ्या शहरात गेली असतील. पण बावीसच्या बावीस? हे आकडे शाळा सांगत नसेल तर प्रत्येक शाळेला यू-डायसचा अकरा आकडी क्रमांक असतो, त्यावरून सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती बघता येते, इयत्तावार पटसुद्धा. सीबीएसईच्या शाळेला तर शिक्षकांची आणि निकालाची माहिती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावीच लागते. मोबाइलवर अर्ध्या तासाचं काम आहे.

फीबद्दलही थोडं. महाराष्ट्रात शुल्क नियमनाचा २०११ चा कायदा आहे. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर फी मांडावी लागते आणि त्या समितीत पालक सोडतीनं निवडले जातात. आपली माणसं तिथं नावच देत नाहीत, "आपल्याला इंग्रजी जमायचं नाही" म्हणून. २५ टक्के राखीव जागांचा शिक्षण हक्क कायदा मात्र अल्पसंख्याक संस्थांना २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून लागू नाही. कॅम्पातल्या मिशनरी शाळा त्यातच येतात. तिथं या कायद्याखाली जागा मिळेल या आशेवर वर्ष घालवू नका.

आणि उर्दू. मोठ्या शाळेत गेलं की मुलाची उर्दू संपली, अशी नानींची तक्रार असते. शाळेत मराठी असते, २०२० च्या कायद्यानं ती सगळ्या बोर्डांना सक्तीची आहे, आणि ते बरंच आहे. उर्दू घरी शिकवावी लागेल. पण ती वाटते तितकी लांब नाही. कायदा संपवलेल्या मुलाला अरबी अक्षरं येतातच. पे, टे, चे, डाल, ड़े, झे, गाफ आणि आणखी दोन-चार गोष्टी शिकवायच्या. रोज वीस मिनिटं दिली तर नानींचं पत्र वाचण्याइतपत उर्दू एका उन्हाळ्याच्या सुट्टीत येते. त्या कारणासाठी शाळा नाकारू नका, आणि उर्दू शाळेतल्या मुलाला 'बिचारा'ही म्हणू नका.

या सगळ्या वादात एक नाव यादीत येतच नाही. ते असतं बहिणीचं. एक जोडपं नुकतंच माझ्याकडे आलं होतं. मुलगा चार वर्षांचा, मुलगी तिसरीत, जवळच्याच मध्यम फीच्या इंग्रजी शाळेत. वडिलांना मुलासाठी 'पहिली' शाळा हवी होती, आईला 'दुसरी'. पाऊण तास दोघं मला दोन्ही शाळांची मैदानं आणि बोर्डं समजावत होते. मी विचारलं, "पहिल्या शाळेची फी कुठून येणार?" वडील म्हणाले, "आपा, मुलीला पाचवीपासून पालिकेच्या शाळेत घालू. तिला काय, घराजवळ बरं." आई खाली बघत म्हणाली, "तुम्ही हे मला घरी सांगितलं नव्हतं."

पालिकेची शाळा वाईट असं मी म्हणणार नाही. मी स्वतः तिथंच शिकले. पण मग मुलगाही तिथं का नको, हा प्रश्न मी विचारला. वडिलांकडे उत्तर नव्हतं. मग कागद घेऊन आम्ही हिशेब मांडला. फी, बस, गणवेश, पुस्तकं, सहलींचा खर्च आणि दहावीपर्यंत दर वर्षी होणारी वाढ, एकदा एका मुलाचा आणि मग दोघांचा. पहिल्या शाळेत एकच बसत होता. मुलगी आज जिथं शिकते तिथं दोघं बसत होते, वर थोडे पैसे उरत होते. त्या शाळेचं नाव कुणाच्याच यादीत नाही. वर्गात पस्तीस मुलं आहेत, गणिताच्या बाई अकरा वर्षं तिथंच टिकून आहेत, आणि मागच्या वर्षी दहावीचा निकाल ९६ टक्के लागला.

वडिलांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. पहिल्या शाळेचा फॉर्म अजून त्यांच्याकडे कोराच आहे. भरायची शेवटची तारीख या महिन्याच्या अखेरीस आहे. परवा आईचा फोन आला होता, तिनं यू-डायसचा नंबर कुठं मिळेल ते विचारलं.