हे वाद्य कोणाचे?

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या निवडचाचणीला मी माझी इलेक्ट्रिक गिटार घेऊन गेलो होतो. दोन मिनिटे झाली आणि मला थांबवण्यात आले. "वाजवतोस बरा, पण हे काही आपल्याकडचे नव्हे," असे मला सांगण्यात आले. त्याच महिन्यात अंधेरीच्या एका मुलाची ओळख झाली. त्याच्याकडे तीन गिटारी. मी कुठे राहतो हे ऐकून तो सहज म्हणाला, "तुमच्या बाजूला कोणी मेटल ऐकत असेल असं वाटलं नव्हतं." एकाला माझे वाद्य परके वाटले, दुसऱ्याला मी. राग दोघांचाही नाही. पण दोघेही चुकतात, असे माझे मत आहे.

मी घाटकोपरला, असल्फ्याच्या डोंगरावर राहतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील साकीनाक्याच्या एका गाळ्यात पॉवर प्रेसवर काम करतात. गिटार जुनी आहे, आठ हजारांना घेतलेली. दोन गणपती आणि एक नवरात्र बेंजो पथकात वाजवून ते पैसे जमवले. गिटार घरी आली त्या दिवशी वडील एवढेच म्हणाले, "यात तुझी वर्षाची फी निघाली असती." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. ते मला अजूनही टोचते.

आधी "आपल्याकडचे" या शब्दाचा विचार करू. पेटी आपली म्हणावी, तर ती पॅरिसहून आली. आकाशवाणीने १९४० साली तिला बंदी घातली आणि १९७१ पर्यंत ती पाळली. तरी पेटीवाचून नाट्यसंगीत आणि भजन आज कोणाला सुचेल काय? ज्या बेंजोवर मी पैसे मिळवले त्याचे मूळ जपानचे. 'ताइशोगोतो' नावाचे ते वाद्य १९१२ साली नागोया शहरात तयार झाले. आमच्या पथकातल्या बेंजोला तर गिटारीसारखा पिकअपही बसवलेला आहे. विसर्जनाला आम्ही अख्खी गल्ली हादरवतो, तेव्हा हे वाद्य कोठले असे कोणी विचारत नाही.

उलट माझी गिटार घरात कोणाची झोप मोडत नाही. तिचे लाकूड भरीव असते. अँपला जोडली नाही तर तिचा आवाज हातभरही जात नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सगळे झोपल्यावर मी कानाला हेडफोन लावून वाजवतो. तिच्यात 'हंबकर' जातीचे दोन पिकअप आहेत. साध्या पिकअपमध्ये तारेचे एकच वेटोळे असते आणि त्यात विजेची घुरघुर शिरते. हंबकरमध्ये दोन वेटोळी अशी जोडलेली असतात की घुरघुरीने घुरघुर मरते आणि तारेचा आवाज तेवढा दणकट होऊन येतो. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली तो तयार केला. मेटलमध्ये आवाज मुद्दाम फाडायचा असतो, म्हणून हे लागते. अशा फाटलेल्या आवाजात फार स्वर मिसळले की सगळे गढूळ होते. म्हणून वाजवणारा बहुधा दोनच स्वर धरतो, सा आणि प. तानपुऱ्याच्या तारा तरी बहुतेक वेळा दुसरे काय सांगतात?

आता अंधेरीच्या मित्राकडे वळतो. त्याचे म्हणणे अगदीच निराधार नाही. १९८६ साली सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' धोबीतलावच्या रंगभवनात अनेक वर्षे गाजला. २००० साली मुंबईत 'डेमॉनिक रेझरेक्शन' हा मेटल बँड उभा राहिला. २००८ च्या फेब्रुवारीत 'आयर्न मेडन' वांद्रे-कुर्ला संकुलात वाजवून गेले. या साऱ्याची भाषा इंग्रजी. आमच्या डोंगरावर त्याची खबरही क्वचितच पोचली. पण हे संगीत जन्मले कुठे?

बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयॉमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा कामाला होता. १९६५ सालची गोष्ट. नोकरीच्या अखेरच्या दिवशी त्याला प्रेसवर उभे केले आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत हात भाजल्यावर जँगो दोनच बोटांवर सारी करामत करीत असे. मग आयॉमीने साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यांवर चामडे चिकटवले. पातळ तारा हव्या होत्या, म्हणून परदेशी बँजोच्या तारा लावल्या. पुढे ताण कमी करण्यासाठी तारा सैल करून खालच्या पट्टीत आणल्या. ती जड, खालची पट्टीच मेटलची ओळख झाली. १९७० साली त्याच्या 'ब्लॅक सबाथ'चा पहिला अल्बम आला, आणि हेवी मेटल तेथून सुरू झाले असे मानतात.

ही हकिगत मी एका रात्री वडिलांना सांगितली. त्यांच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचे पेरही प्रेसखालीच गेले आहे. गाणे कसले, हे त्यांनी विचारले नाही. "टोप्या टिकल्या का?" असे विचारले. मग गिटार मांडीवर घेऊन त्या आखूड बोटाने तार दाबून पाहिली आणि मुकाट्याने परत दिली. फीचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही. आवाज मात्र त्यांना अजून आवडत नाही. म्हणतात, "दिवसभर गाळ्यात हेच तर ऐकतो."

मित्रहो, माझे म्हणणे याहून अधिक काही नाही. पत्र्याच्या कारखान्यातून निघालेले हे संगीत साकीनाक्याला परके कसे? वाद्य कोणाचे, हे त्याच्या जन्मगावावरून किंवा वाजवणाऱ्याच्या पत्त्यावरून ठरत नाही. त्यावर कोणाचा हात राबतो यावरून ठरते. यंदाच्या निवडचाचणीला मी पुन्हा येणार आहे. बेसूर वाजवले तर जरूर नाकारा. परका म्हणून मात्र नाकारू नका.