रायवळाची कोय

आमच्या गॅलरीत रंगाच्या जुन्या डब्यात आंब्याचं एक रोप आहे. वीतभर उंच, पानं अजून तांबूस. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "कलम आहे का?" कोयीचं आहे म्हटलं की त्याचा उत्साह उतरतो. "मग कशाला? फळ कधी येणार, कसं येणार, काय भरवसा!"

त्यांचं म्हणणं चूक नाही. हापूसची कोय लावली म्हणून हापूसच येईल असं नाही. मोहोरावर बसणाऱ्या माश्या दुसऱ्या झाडाचे पराग आणतात, त्यामुळे कोयीतून येणारं झाड हुबेहूब आईसारखं नसतं. कलमाला चार-पाच वर्षांत फळ धरतं. कोयीच्या झाडाला सात-आठ, कधी दहा वर्षंही लागतात. ज्याला आंबा विकून घर चालवायचं आहे त्याने कलमच लावावं.

पण आज बाजारात येणारा हापूस कलमाचा आहे, आणि कलमावरून कलम असं मागे मागे जात राहिलं तर शेवटी आपण कुठल्या तरी कोयीतून उगवलेल्या एका झाडापाशीच पोहोचतो. कलम चांगलं फळ राखतं. नवं फळ मात्र कोयीतूनच येतं. कोकणातले रायवळ असेच आले. दोन झाडांची चव सारखी नाही. एक चोखून खायचा, एक रायत्याचा, एकाची साठं घालायची. म्हणून तर गावोगाव झाडांना माणसांसारखी नावं होती.

आमच्या घरामागे असाच एक होता, शेंदऱ्या. देठापाशी लाल व्हायचा. परदादांनी लावलेला, असं दादी सांगायची. आठ वर्षांपूर्वी आम्हा भावांत जमिनीची वाटणी झाली आणि मोजणीची रेषा नेमकी त्याच्या बुंध्यातून गेली. फळं कुणाची, सावली कुणाची, फांदी कुणाच्या कौलांवर पडणार, यावर दोन महिने वाद चालला. शेवटी सगळ्यांनी मिळून तोडायचं ठरवलं. त्या कागदावर माझीही सही आहे. लाकडाचे पैसे चौघांत वाटले गेले. ते कशात खर्च झाले, आज आठवत नाही.

पुढे एका रोपवाटिकेत कोय कलम बांधताना पाहिलं. पावसाळ्यात कोय रुजून आलेलं पंधरा-वीस दिवसांचं कोवळं रोप घ्यायचं, वरून छाटून मधोमध चीर द्यायची. हव्या त्या झाडाची बोटभर जाड नव्हे, पेन्सिलीएवढी काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. बस, इतकंच. वीतभर काड्या चार घेतल्या असत्या तर चौघा भावांच्या चार अंगणांत तोच शेंदऱ्या उभा राहिला असता. रेषेचं भांडणही मिटलं असतं. आम्हाला माहीत नव्हतं, आणि आम्ही कुणाला विचारलंही नाही.

फुफीने मात्र त्या शेवटच्या मोसमातल्या कोयी परसात पुरल्या होत्या. एक जगली. यंदा तिला पहिल्यांदा फळ धरलं. गोड आहे, पण शेंदऱ्याची गोडी नाही. ती आता कुठेच मिळायची नाही. त्याच फळाची कोय माझ्या डब्यात आहे.

कोय लावणं अवघड नाही. गर धुऊन काढावा, एक-दोन दिवस सावलीत सुकवावी. कडेने जपून वरचं कवच उघडलं तर आतली बी लवकर रुजते. फार दिवस ठेवू नये, वाळली की तिच्यातला जीव जातो. माती ओली असावी, पाणी साचू नये. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतो. डबा ही मात्र त्याची कायमची जागा नव्हे. पुढच्या पावसात त्याला जमीन द्यावी लागते.

हदीसमध्ये सांगितलं आहे की कयामत येऊन ठेपली आणि तुमच्या हातात रोप असेल, तर ते लावून टाका. लावलेल्या झाडाचं फळ माणसाने, पाखराने, जनावराने खाल्लं तरी तो लावणाऱ्याचा सदका ठरतो, हेही आपण मशिदीत ऐकतो. ऐकतो आणि घरी येऊन कोय कचऱ्यात टाकतो. मीही टाकत आलो.

म्हणून दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. तुमच्या गावात जुना रायवळ तोडायची वेळ आली, वाटणीसाठी, रस्त्यासाठी की बांधकामासाठी, तर आधी त्याच्या काड्या घेऊन कलमं बांधून घ्या. आणि दर मोसमात आवडलेल्या एखाद्या रायवळाची एक तरी कोय लावा, फळ आपल्याला मिळेल या हिशेबाने नव्हे.

मुलगा परवा म्हणाला, "अब्बा, याला फळ येईल तेव्हा तुम्ही सत्तरीचे व्हाल." खरं आहे. परदादांचंही वय तेव्हा काही कमी नसणार.

पुढच्या पावसाळ्यात हे रोप गावच्या कब्रस्तानाच्या कुंपणालगत लावायचं आहे. जमातीच्या लोकांना विचारून ठेवलंय. तिथल्या जमिनीची वाटणी होत नाही.