बांध तासला, माशी उपाशी

शेतकरी भावांनो, ‘बांध स्वच्छ ठेवा’ हे कृषी पदवीच्या जोरावर आम्हीच सांगत आलो. चूक आमची! भिंतीच्या भेगेत, झाडाच्या ढोलीत राहणारी बिनडंखी पोयाची माशी घरट्यापासून फार लांब जात नाही. तिच्या पिलांना पराग लागतो. तो बाभूळ, एकदांडी, तीळ, ज्वारीच्या कणसातून येतो. बांध तणनाशकाने जाळला, ज्वारी भावाअभावी शेतातून गेली. मग तिने खायचे काय? कपाशी? कपाशीचा पराग जाड, काटेरी. मधमाश्यांनाही तो गोळा करणे अवघड. शिवाय सकाळी फूल उमलते तेव्हाच आपला पंप पाठीवर! आणि माशी मेली की गुन्हेगार शेतकरी. हे म्हणणारे शहरी शहाणे ज्वारीला रास्त भाव मागायला कधी आले? तोवर बांधावरची एकदांडी राहू द्या, फवारणी दिवस कलल्यावर करा.