जांभळं रेशीम आणि हिशेबाची वही

मैत्रिणींनो, लुइसा मे अल्कॉट यांच्या ‘लिट्ल विमेन’मधल्या चार बहिणी तुमच्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक असतील. शान्ता शेळके यांनी ती कादंबरी ‘चौघीजणी’ या नावानं मराठीत आणली. शाळेत असताना वाचली, तर सगळं लक्ष धडपड्या ज्योकडे जातं. संसारात पडल्यावर मात्र पुन्हा वाचा. थोरल्या मेगपाशी थांबावंसं वाटेल!

काळ १८६० नंतरचा. मार्च कुटुंब एकेकाळी सुस्थितीतलं. पण अडलेल्या मित्राला मदत करताना वडिलांची मालमत्ता गेली. घरात कामाला हॅना आहे, पण पार्टीला जायचं तर दोघी बहिणींत हातमोज्यांचा एकच धड जोड. धड श्रीमंत नाहीत, धड गरीबही नाहीत. ही मधली पायरीच फार निसरडी, नाही का?

मेगचं लग्न होतं जॉन ब्रुकशी. माणूस सज्जन, नोकरी साध्या हिशेबनिसाची. घरखर्चाची वही मेग नीट लिहिते, महिन्याकाठी जॉन ती पाहतो. पण तिची मैत्रीण सॅली श्रीमंत घरात पडलेली. तिच्याबरोबर दुकानात गेलं, की सॅली हवं ते घेणार आणि मेगची मनातून कीव करणार. ती कीव मेगला बोचते. मग आधी किरकोळ वस्तू येतात आणि एक दिवस पन्नास डॉलरचं जांभळं रेशीम! पंचवीस डॉलर आत्याबाईंकडून नव्या वर्षाला मिळतील या भरवशावर, उरलेले पंचवीस घरखर्चातून.

वही दाखवायची वेळ येते. जॉन रागावत नाही. पण मेगच्याच तोंडून निघून जातं, की या गरिबीचा कंटाळा आला. तो शब्द त्याला लागतो. काही दिवसांनी तिला कळतं, त्यानं स्वतःसाठी सांगितलेला थंडीचा कोट परवडत नाही म्हणून रद्द केलाय.

आता मेग काय करते पाहा. ती सॅलीकडे जाते, सगळं खरं सांगते आणि ते रेशीम विकत घेण्याची गळ घालते. सॅली घेते. शिवाय तेच कापड लगेच भेट म्हणून परत देण्याचा आगाऊपणा करत नाही. त्या पैशांतून जॉनचा कोट घरी येतो.

मला वाटतं, मेगनं रेशीम घेतलं ते हौसेपेक्षा कीव चुकवायला. पन्नास डॉलर मोजूनही ती चुकली नाही. ‘मला परवडत नाही’ हे मैत्रिणीला तोंडावर सांगितलं, तेव्हाच तो काटा निघाला.

लेखिकेला हे पुस्तकात वाचून कळलेलं नव्हतं, बरं का! अल्कॉटबाईंनी घर चालवायला शिवण केलं, मुलांना शिकवलं, परक्या घरी कामही केलं. १८६८ मध्ये या कादंबरीचा पहिला भाग आला, पुढच्या वर्षी दुसरा आणि त्या कमाईतून घरावरचं कर्ज फिटलं.

भिशीत, लग्नकार्यात, नव्या साडीच्या कौतुकात आपल्यालाही एखादी सॅली भेटतेच. अशा वेळी पर्स उघडण्याआधी एकच विचारा : हे मला हवंय, की तिच्या नजरेसाठी हवंय? हवंच असेल, तर खुशाल घ्या. पण वहीत लिहायला हात कचरत असेल, तर दुकानदाराला ती घडी परत ठेवायला सांगा.