आधी ॲक्शन, मग काडतूस!

शीर्षक वाचून हे सिनेमाचं परीक्षण असेल म्हणून इथे थांबला असाल, तर आधीच सांगतो, ही ॲक्शन रायफलची आहे. मेकॅनिकलवाल्यांनी तरी पान उलटू नये. बाकीच्यांची मर्जी!

झालं असं, की माझा मामेभाऊ अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये असतो. आपल्याच शाखेचा इंजिनिअर, आता तिकडचाच नागरिक. दादा सध्या शिकारीची रायफल बनवून घेतोय. दुकानातून तयार उचललेली नाही, तर ॲक्शन एकीकडून, बॅरल दुसरीकडून, दस्ता तिसरीकडून आणि हे सगळं जुळवून देणारा गनस्मिथ वेगळाच. गेले दोन महिने दर शुक्रवारी रात्री आमचा फोनवर एकच वाद चालतो : ॲक्शन आखूड घ्यायची की लांब? माझ्या रूममेटला आता काडतुसांची मापं पाठ झाली आहेत. वायव्हाला मात्र त्याला बेअरिंगचे प्रकार आठवले नाहीत!

आता काही जण भुवया उंचावतील, ‘शिकार? आणि ती कॉलेजच्या अंकात?’ आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे असं माझं मत आहे. मी स्वतः मेसमधल्या अंडाकरीच्या पुढे गेलेलो नाही. पण कोलोरॅडोत एल्कची संख्या अमेरिकेत सर्वात जास्त. तिथे परवाना काढून, ठरलेल्या हंगामात शिकार होते आणि मारलेल्या जनावराचं मांस टाकून दिलं तर तो गुन्हा ठरतो. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातलं जनावर, नर ३०० किलोच्या घरातला. दादाच्या घरी ते मांस वर्षभर पुरतं.

या वादामागचं खरं कारण गेल्या हंगामातलं आहे. दादाने मित्राची रायफल उसनी घेतली होती, .३०० विंचेस्टर मॅग्नम, म्हणजे भयंकर धक्का देणारं काडतूस. पहिले दोन बार सरावात झाडले तेव्हाच खांदा सुजला. प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा ट्रिगर दाबायच्या आधीच त्याने डोळे मिटले. गोळी मागच्या बाजूला लागली. अंधार पडेपर्यंत तो रक्ताच्या थेंबांमागे चालला, दुसऱ्या दिवशीही गेला. मादी सापडली नाही. हे सांगताना फोनवर तो बराच वेळ गप्प होता. त्यामुळे “धक्का कमी हवा” हा त्याचा हट्ट मी थट्टेवारी नेत नाही. माझं भांडण आहे ते त्याने त्यावरून काढलेल्या निष्कर्षाशी!

दादाचा निष्कर्ष असा : ६.५ क्रीडमूर हे काडतूस, म्हणून शॉर्ट ॲक्शन. त्याचा गनस्मिथही तेच म्हणतो.

नवख्यांसाठी थोडं थांबतो. काडतूस म्हणजे नुसती गोळी नव्हे. पितळी केस, तिच्यात दारू, मागे प्रायमर आणि तोंडात बसवलेली गोळी, असं सगळं मिळून काडतूस. ॲक्शन म्हणजे रिसीव्हर आणि त्यात मागेपुढे सरकणारा बोल्ट. काडतूस जितकं लांब, तितकं मॅगझिन लांब आणि बोल्टची धावही लांब. यातूनच दोन मापं रूढ झाली. .३०-०६ स्प्रिंगफील्ड हे १९०६ चं काडतूस एकूण ८४.८ मिलिमीटरपर्यंत लांब असतं. त्याच्या मापाची ती लाँग ॲक्शन. पुढे दारू सुधारली, तेवढंच काम लहान केसमध्ये होऊ लागलं आणि १९५२ साली .३०८ विंचेस्टर आलं. त्याची लांबी सुमारे ७१ मिलिमीटर. त्याच्या मापाची ती शॉर्ट ॲक्शन. फरक किती? जेमतेम १४ मिलिमीटर. आपल्या करंगळीच्या नखापेक्षा थोडा जास्त!

या १४ मिलिमीटरचे फायदे सांगणारे खूप भेटतात. ॲक्शन हलकी होते. होते ना, पण शे-दीडशे ग्रॅमच्या घरात. दादा ३,००० मीटर उंचीवर पाठीला पाण्याच्या दोन बाटल्या बांधून चढतो, त्यातले चार घोट आधी प्यायला तरी तेवढं वजन कमी होईल. बोल्टची धाव अर्ध्या इंचाने कमी होते. बरं, मग? रिसीव्हर जास्त ताठ राहतो. हे मात्र खरं, आणि टेबलावर रायफल टेकवून कागदावर एकाच भोकात पाच गोळ्या घालायच्या असतील तर त्याला किंमत आहे. पण एल्कचं काळीज आणि फुप्फुसं मिळून आपल्या मेसमधल्या परातीएवढी जागा होते. दोनशे मीटरवरून ती परात चुकली, तर तो दोष रिसीव्हरच्या ताठपणाचा नसतो.

आता तोट्याकडे या. क्रीडमूरचीच जन्मकथा बघा. त्याच्या आधी १९९७ मध्ये .२६० रेमिंग्टन आलं होतं. गोळी त्याच जाडीची, केस ५१.७ मिलिमीटर. लांबवर वेग टिकवून धरणाऱ्या गोळ्या सडपातळ आणि लांबुडक्या असतात. त्या या केसमध्ये बसवल्या की काडतूस शॉर्ट ॲक्शनच्या मॅगझिनमध्ये मावेना. मग गोळी केसमध्ये खोल ढकला, म्हणजे दारूची जागा गेली! २००७ मध्ये हॉर्नेडी कंपनीने केसच ४८.८ मिलिमीटरवर आणली आणि ते तीन मिलिमीटर गोळीच्या नाकाला दिले. हेच ते क्रीडमूर. हुशारीच आहे, मी सलाम करतो. पण नीट बघितलं तर ही सगळी हुशारी मॅगझिन आखूड आहे म्हणून करावी लागली!

आणि जिम कॉर्बेट वाचलेल्यांसाठी एक गंमत. १९०७ मध्ये चंपावतच्या वाघिणीनंतर त्याला भेट मिळालेली .२७५ रिग्बी आठवते? ते काडतूस म्हणजे मुळात १८९२ चं ७×५७ माउझर, इंग्रजांनी नाव बदललेलं. त्याची लांबी ७८ मिलिमीटरच्या आसपास. आजच्या शॉर्ट ॲक्शनच्या मॅगझिनमध्ये ते मावायचं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की रायफलमध्ये बदलता येणारं काय आणि न बदलणारं काय, हे आधी वेगळं काढा. बॅरल आट्यांनी बसवलेलं असतं. ते झिजतं, ते बदलतात. नवं बॅरल बसवताना हेडस्पेस तपासायला गो आणि नो-गो गेजच वापरतात, आपण मेट्रॉलॉजीच्या लॅबमध्ये जर्नल भरण्यापुरते हातात घेतो तसलेच. दस्ता बदलतो, ट्रिगर बदलतो, दुर्बीण तर बदलतेच. राहते ती ॲक्शन. अमेरिकेच्या कायद्यातही सीरियल नंबर रिसीव्हरवर असतो. कायद्याच्या लेखी तोच ‘बंदूक’, बाकी सगळे सुटे भाग. मग जो भाग वीस-तीस वर्षं राहणार, तो आजच्या एका काडतुसाच्या मापाने का शिवून घ्यायचा?

आपल्या हॉस्टेलच्या कॉटचं उदाहरण घ्या. लांब कॉटवर बुटका माणूस मजेत झोपतो. आखूड कॉटवर सहा फुटी रूममेटचे पाय रात्रभर बाहेर! इशापूरच्या कारखान्याने हेच करून दाखवलं आहे. १९६२ च्या युद्धानंतर त्यांनी .३०३ रायफलच्याच आराखड्यावर, अधिक मजबूत पोलाद वापरून, ७.६२ नाटो काडतुसाची रायफल बनवली. .३०३ चं काडतूस साधारण ७८ मिलिमीटर, ७.६२ चं ७१. मोठ्या घरात लहान पाहुणा आला, मॅगझिन तेवढं बदलावं लागलं. हेच उलट दिशेने करून बघा म्हणावं!

म्हणून मी दादाला सांगतो, लाँग ॲक्शन घे आणि पहिलं बॅरल क्रीडमूरचंच लाव. दोन्ही काडतुसांच्या बुडाचा व्यास एकच आहे, सुमारे १२ मिलिमीटर, म्हणजे बोल्टचं तोंड बदलायला नको. सध्या खांद्याला झेपेल ते वापर. साधा हिशेब आहे. क्रीडमूरची ९.३ ग्रॅमची गोळी आणि .३०-०६ ची ११.७ ग्रॅमची गोळी, दोन्ही नळीतून साधारण ८२० मीटर प्रति सेकंदाने सुटतात. अर्धा एम व्ही वर्ग करा : ३,१०० आणि ३,९०० ज्यूल. धक्क्याची ऊर्जा मात्र संवेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच वजनाच्या रायफलला .३०-०६ चा धक्का दीडपटीहून थोडा जास्त. (दारूचं वजन धरलेलं नाही, सरांनी मार्क कापू नयेत.) कोलोरॅडोच्या नियमात एल्कसाठी १०० यार्डांवर किमान १,००० फूट-पाउंड, म्हणजे साधारण १,३५६ ज्यूल लागतात. क्रीडमूर ते सहज ओलांडतं. दोन-तीन हंगामांत भीती गेली, घनदाट झाडीत तिरक्या कोनातून जड गोळी हवीशी वाटली, की त्याच ॲक्शनवर .३०-०६ चं बॅरल चढव, नाहीतर १९२५ पासून चालत आलेल्या .२७० विंचेस्टरचं. मॅगझिनमधला ठोकळा काढला की झालं.

गनस्मिथचा आक्षेप मला दादाने ऐकवला, आणि तो खोटा नाही. आखूड काडतूस लांब मॅगझिनमध्ये पुढेमागे घसरतं, बोल्ट ढकलताना गोळीचं नाक अडकू शकतं. ठोकळा नीट बसला नाही तर ऐन वेळी रायफल अडेल, आणि जखमी जनावर समोर असताना दुसरी गोळी आत न जाणं यासारखं वाईट काही नाही. हा मुद्दा मी मान्य करतो. म्हणून माझी अट अशी, की उरलेले पैसे देण्याआधी दादाने दारू न भरलेली पन्नास डमी काडतुसं गनस्मिथसमोर, हळू आणि जोरात, दोन्ही प्रकारे भरून काढून बघावीत. एक जरी अडकलं तरी रायफल परत टेबलावर.

गेल्या शुक्रवारी दादा म्हणाला, “अरे, तुझ्या नादाने माझी रायफल अर्धा इंच लांब होणार!” मी म्हटलं, “दादा, बॅरल अर्धा इंच आखूड काप, वेगात फारसा फरक पडत नाही.” पलीकडून आधी हसू आलं, मग कागद चाळल्याचा आवाज. ॲक्शनची ऑर्डर अजून गेलेली नाही.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल