दीडशे वर्षं जगणारा माणूस कोणता?

2022 साली अमेरिकेत अल्टोस लॅब्ज ही कंपनी तीन अब्ज डॉलर घेऊन उभी राहिली. पेशींचं म्हातारपण मागे फिरवायचं, हे तिचं संशोधन. आपली पोरं मोबाईलवर हे बघतात आणि विचारतात, माणूस दीडशे वर्षं जगला तर? मी विचारतो, कोणता माणूस?

दिंद्रुडच्या परिसरात दिवाळीच्या आसपास बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात. त्यात आपली माणसं आहेत, बंजारा-वंजारी आहेत. एक दिवस खाडा झाला की दंड, म्हणून पाळीही परवडत नाही. 2019 मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची माहिती घेतली. 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. अनेकींचं वय चाळिशीच्या आतलं. पिशवी गेली की हाडं लवकर झिजतात, तरी डोक्यावर मोळी आहेच. तिकडे म्हातारपण मागे ढकलतायत, इकडे आपण ते तिशीतच ओढून आणलंय.

यूएन वुमनचा 2018 चा अहवाल सांगतो, भारतात दलित स्त्रीचं मृत्यूसमयीचं सरासरी वय 39.5 वर्षं, सवर्ण स्त्रीचं 54.1. त्यामागची पाहणी जुनी आहे, मान्य. पण जातीची उतरंड आयुष्याच्या वर्षांतही उतरलेली आहे, हे त्यातून दिसतं.

आपलेच काही धम्मबंधू म्हणतात, सगळं अनित्य आहे, आयुष्याचा मोह कशाला? बंधूंनो, अनित्यता सर्वांना सारखी लागू आहे. साडेचौदा वर्षांचा फरक अनित्यतेने केलेला नाही. बाबासाहेबांनी आत्मा आणि पूर्वजन्मीचं कर्म नाकारलं. त्यानंतर लवकर मेलेल्या बाईच्या माथी तिचंच पाप मारता येत नाही, जबाबदार शोधावा लागतो.

आणि समजा, औषध निघालं आणि स्वस्तही झालं. उचल तशीच राहिली तर मुकादमाला दीडशे वर्षं फिटणारं कर्ज मिळेल. जमीन, कारखाना, शिक्षणसंस्था ज्यांच्या हातात आहेत ते शतकभर खुर्ची सोडणार नाहीत. आज निदान मरणाने ती रिकामी होते. (मग मुलगा बसतो, ते सोडा.) म्हणून मी औषधाच्या विरोधात नाही, पण मालकी न बदलता वाढलेल्या वर्षांचं मला कौतुक नाही.

बाबासाहेब पासष्टाव्या वर्षी गेले, दीक्षेनंतर 53 दिवसांनी. आणखी दहा वर्षं मिळाली असती तर, हा विचार आपल्या प्रत्येक घरात होतो.

यंदा टोळ्या निघण्याआधी वस्तीतल्या तरुणांनी वही घ्यावी. गेल्या दहा वर्षांत घरात कोण गेलं, किती वयात, कशाने, कोणतं काम करत होतं, दारोदार लिहून काढावं. वही भरली की ती घेऊन तहसीलवर जाऊ.